उभ्या गाड्या आणि सल्लागारबाई

आमच्या परिवहन मंडळाची खरेदी सुधारण्यासाठी एक सल्लागार नेमायचा, असं ज्या बैठकीत ठरलं त्या बैठकीत मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मला हसू आलं. शेजारी लेखाधिकारी होते. त्यांनी हळूच विचारलं, "काय झालं, मॅडम?"

"सल्लागारसुद्धा निविदा काढूनच आणावा लागणार ना?" मी म्हटलं.

तेही हसले. मग दोघांचंही हसू ओसरलं, कारण ते तसंच होणार होतं.

मंडळाचं मुख्य कार्यालय साताऱ्यात, मोठी कार्यशाळा सांगलीजवळ माधवनगरच्या बाजूला. मी खरेदी विभागात. घर सांगलीत. सोमवारी पहाटेच्या गाडीनं साताऱ्याला जायचं, एका भाड्याच्या खोलीत आठवडा काढायचा आणि शनिवारी परत यायचं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. नवरा शाळेत शिक्षक होता, आता निवृत्त आहे. तो म्हणायचा, "तू जन्मभर गाड्यांसाठी राबलीस, आणि एक गाडी तुला वेळेवर घरी आणत नाही."

तो चिडवायला म्हणायचा, पण बोलणं खरं होतं. गाडीला लागणारी प्रत्येक वस्तू, टायरपासून काचेवरच्या वायपरपर्यंत, आमच्या विभागामार्फत यायची. नियम एकच. ज्याचा दर सगळ्यात कमी, त्याचा माल घ्यायचा. ऐकायला यात काही वावगं नाही. पण सगळ्यात स्वस्त ब्रेक लायनर कुंभार्ली घाट चार वेळा उतरला की जळून कोळसा व्हायचा. मग नव्यासाठी पुन्हा निविदा. तिच्यात महिने जायचे. तोवर गाडी आवारात उभी. मेकॅनिक उभ्या गाडीचा स्टार्टर काढून चालत्या गाडीला लावायचे, दुसरीचं बेअरिंग तिसरीला. एकदा का एखादीला हात लागला की ती पुन्हा रस्त्यावर यायची नाही. माधवनगरच्या आवारात अशा गाड्यांची रांगच होती. टपावर गवत उगवलेल्या गाड्या मी तिथे पाहिल्या आहेत.

त्या वेळी आमचे जे मुख्य साहेब होते ते वयानं माझ्याहून बरेच लहान. मनानं सरळ. त्यांनी सल्लागाराचा हट्ट धरला. पहिल्या निविदेला एकच अर्ज आला. एकटा अर्ज उघडायचा नाही असा नियम, म्हणून ती रद्द. दुसऱ्यांदा दोन आले, त्यातला एक अपुरा निघाला. तिसऱ्यांदा कुठे तीन जमले. साहेबांनी त्या वेळी एक अट घातली होती. नुसता दर बघायचा नाही, अनुभवालाही गुण द्यायचे. लेखाधिकारी मला जिन्यात म्हणाले, "हे पुढं अंगाशी येईल बघा." मी म्हटलं, "बघू."

तिघांना बोलावलं. दोन मोठ्या शहरांतल्या कंपन्या. त्यांची कोट घातलेली मुलं आली, पडद्यावर रंगीत आकृत्या दाखवून गेली. तिसरी एक बाई होती. एकटीच. चाळिशीच्या आसपास, साधा पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि काचेच्या टेबलावर ठेवलं. जळलेला ब्रेक लायनर होता.

"हा तुमच्याच गाडीचा आहे," ती म्हणाली. "कराडला भंगारवाल्याकडं मिळाला. खरेदी करताना सगळ्यात स्वस्त मिळाला म्हणून तुम्ही खूश झाला असाल. पण हा चालला किती, ते इथं कुणी सांगू शकेल?"

आमच्याकडे वस्तू किती रुपयांना आली हे कळायचं, ती किती टिकली हे कळायची सोयच नव्हती. काचेवर काजळी सांडली होती. शिपाई फडकं घेऊन आला, तर साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं.

तिचा दर तिघांत कमी नव्हता. गुण मात्र सगळ्यात जास्त होते. तिला नेमलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. मी फायली काढून ठेवल्या होत्या. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. "मॅडम, ह्या पळून जात नाहीत. आधी कार्यशाळा दाखवा," म्हणाली.

माधवनगरला हेड मेकॅनिक आमच्याबरोबर फिरायला नाखूशच होते. साताऱ्याहून माणूस आला की काहीतरी बालंट येतं, हा त्यांचा अनुभव. हॉलच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं, भलंमोठं कुलूप लावलेलं.

"ह्यात काय आहे?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. भंगार हाय जुनं."

"भंगाराला एवढं कुलूप?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नाइलाजानं किल्ली लावली. आत फळीफळीवर बेअरिंगं, पंप, क्लच प्लेटा. मोडीत निघालेल्या गाड्यांमधून काढलेल्या, डिझेलनं धुतलेल्या, तेल लावून कापडात बांधलेल्या. नियमानं हा माल भांडारात जमा करायला हवा होता. मी खरेदीची अधिकारी समोर उभी, त्यांचा चेहरा उतरला.

"नव्या मालाचा भरवसा न्हाई, बाईसाहेब," ते म्हणाले. "नवं बसवलं की आठ दिसात गाडी परत दारात. ह्यो जुना माल निदान दगा देत न्हाई. चोरी न्हाई केली मी."

"चोरी कोन म्हनतंय?" ती म्हणाली. "असं करायची पाळी तुमच्यावर आली, ह्यात चूक आमची हाय."

ते चमकले. तिच्या तोंडून ही भाषा त्यांनी अपेक्षिली नव्हती. "तुमी कुठल्या म्हनायचं?"

"जत तालुक्यातली. धनगराची पोर हाय. वडील मेंढरं घिऊन कृष्णेच्या काठापतोर यायचे, ह्याच रस्त्यानं."

त्यानंतर हेड मेकॅनिक तिच्याशी मोकळे झाले ते शेवटपर्यंत. निदान तेव्हा मला तसं वाटलं होतं.

परत साताऱ्याला जाताना इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. आम्ही चहा घेतला. तिनं स्वतःचं थोडंसं सांगितलं. गावात सातवीपर्यंतच शाळा. पुढची शाळा तालुक्याला. गावात मुक्कामाची गाडी यायची, रात्री थांबायची आणि सकाळी शाळा-कॉलेजची पोरं घेऊन जायची. त्या गाडीनं ती शिकली. मग कराडचं इंजिनिअरिंग कॉलेज, मग पुण्यात आणि बाहेरदेशी कारखान्यांसाठी सुटे भाग खरेदी करण्याची नोकरी. पगार चांगला होता. तो सोडून हे काम का घेतलं, असं मी विचारलं.

तिनं कप खाली ठेवला. "गेल्या सालापासून आमच्या गावची मुक्कामाची गाडी बंद आहे. गाडी नाही, स्पेअर नाहीत, एवढंच उत्तर मिळतं. मोटरसायकल असलेल्या घरचे मुलगे जातात. मुली घरी बसल्या. माझ्या भावाची मुलगी बारावीला होती. भाऊ, आमचा अण्णा, म्हणाला, रोज कोण सोडणार, कोण आणणार. लग्न लावून दिलं. मी फोनवर भांडले, पैसे पाठवते म्हटलं, होस्टेलला ठेव म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. लग्नाला गेले तर पोरगी माझ्याशी बोलली नाही. मीच काहीतरी करीन असं तिला वाटलं होतं."

गाडीचा हॉर्न वाजला. आम्ही उठलो. त्या दिवसापासून ती मला मॅडम म्हणायची थांबली. त्यांच्याकडे कर्नाटकाच्या शेजारामुळे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, तसं ती मला अक्का म्हणू लागली.

तिनं सुचवलेलं काही आकाशातून आणलेलं नव्हतं. माल ठरवण्याआधी त्याचा नमुना गाडीला बसवून घाटात पळवून बघायचा. जे टिकतील त्यांच्यातच दराची चढाओढ लावायची. आणि फॅन बेल्ट, बल्ब, नटबोल्ट असल्या किरकोळ वस्तू आगारानं बाजारातून स्वतःच घ्याव्यात, त्यासाठी साताऱ्याच्या सहीची वाट बघू नये. साहेबांनी सांगली विभागात हे करून बघायला परवानगी दिली. कार्यालयात बरीच कुजबुज झाली. "दोन बायका आता मंडळ चालवणार," असं एकजण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. आमचा जुना लायनरवाला पुरवठादार एकदा येऊन बसला, चहा प्यायला, मुलांची चौकशी केली आणि जाताना म्हणाला, "मॅडम, साहेब लोक येतात, जातात. आपण इथंच आहोत."

पण काम झालं. हे मला ठासून सांगायचं आहे, कारण आता ते झालंच नव्हतं असं समजलं जातं. पावसाळा संपेपर्यंत माधवनगरची उभ्या गाड्यांची रांग डोळ्यांना दिसेल इतकी आखूड झाली. कुंभार्ली उतरून आलेल्या ड्रायव्हरनं मुद्दाम खरेदी विभागात फोन करून ब्रेक चांगला लागतो असं सांगितलं, हे माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच घडलं. हेड मेकॅनिकनी आपलं कपाट स्वतःहून भांडारात रिकामं केलं.

दिवाळीनंतर तिच्या गावची मुक्कामाची गाडी पुन्हा सुरू झाली. पहिल्या फेरीला ती मला ओढून घेऊन गेली. जत सोडल्यावर उघडा माळ, मधेच द्राक्षांचे हिरवे तुकडे, बाकी बाभळी. गावात शिरताना ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. देवळापुढे बाया ताटं घेऊन उभ्या होत्या. गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, ड्रायव्हर-कंडक्टरला टोप्या घातल्या. तिच्या भावानं मला नमस्कार केला. उंच, उन्हानं रापलेला, डोक्याला पिवळा फेटा. "आवं, तुमच्यामुळं झालं हे," म्हणाला. मी म्हटलं, "तुमच्या बहिणीमुळं." तो तिच्याकडे बघून हसला. तिची वहिनी भाकरी थापत होती. बोलता बोलता ती म्हणाली, "एक साल आदी सुरू झाली असती तर." सल्लागारबाईनं ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

सकाळी गाडी निघाली तेव्हा तीत युनिफॉर्मातल्या मुली होत्या. खिडकीची जागा मिळावी म्हणून भांडत होत्या. मी त्यांच्या मागच्या बाकावर होते. खरेदी विभागात बसून मी काय काम करते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला साहेबांची बदली झाली. बदली म्हणजे शिक्षा नव्हती, त्यांना वरची जागा मिळाली. निरोपाच्या वेळी ते म्हणाले, "आता हे मागं फिरणार नाही." त्यांचा तसा खरोखर विश्वास होता.

नवे साहेब आले त्याच सुमाराला लेखापरीक्षणाचा आक्षेप आला. सांगली विभागात कमी दराचा पुरवठादार डावलून जास्त दरानं माल घेतला, का? पुरवठादाराची तक्रारही जोडलेली होती. चौकशी लागली. मला समितीपुढे बोलावलं. चौकशी अधिकारी निवृत्तीला आलेले गृहस्थ, आवाज मऊ. त्यांनी आधी पाणी मागवलं, मग विचारलं,

"कमी दराचा माल का नाकारला?"

"घाटातल्या चाचणीत तो टिकला नाही."

"चाचणीची अट कुणी घातली?"

"सल्लागारांनी सुचवली. मंडळानं मान्य केली."

"सल्लागारांची नेमणूक कमी दरानं झाली होती का?"

"नाही. अनुभवाला गुण होते."

"म्हणजे कमी दर न बघता नेमलेल्या सल्लागारानं कमी दर न बघण्याची अट सुचवली," ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. ते लिहून घेत होते, आणि लिहिताना वाक्य नीट जमलं की माणूस जसा थांबतो तसे थांबले.

मी त्यांना गाड्यांचं सांगितलं, घाटाचं सांगितलं, मुलींचंही सांगितलं. जास्त दराचा लायनर इतका जास्त टिकतो की शेवटी तोच स्वस्त पडतो, हे मांडून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर व्हरांड्यात ते माझ्याजवळ आले. "मॅडम, तुमचं बरोबर आहे हे मला कळतं," ते म्हणाले. "पण मी काय लिहू? जो माल घेतलाच नाही, त्यामुळं काय नुकसान झालं असतं, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?"

मला त्यांचा राग आला नाही. आजही येत नाही. वाईट माणूस समोर असता तर बरं झालं असतं असं मात्र पुष्कळदा वाटलं.

निर्णय होईपर्यंत नवी पद्धत स्थगित झाली. स्थगित म्हणजे जुनी पद्धत सुरू, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. चौकशी चालू असताना कोणत्याही पद्धतीच्या खरेदीवर सही करायला कुणी तयार होईना. मी पाठवलेला प्रत्येक प्रस्ताव "चर्चा करावी" असा शेरा घेऊन परत यायचा, आणि चर्चेला वेळ मिळायचा नाही. आगारांचे फोन यायचे. सुरुवातीला मी उत्तरं द्यायचे. नंतर फोन वाजला की शिपायाला उचलायला सांगायचे.

सल्लागारबाई मात्र रोज यायची. नव्या साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसायची. पुण्याला तिचं घर, तिथून सकाळी निघायची. साहेब आत असायचे, बाहेर पडायचे, तिला नमस्कार करायचे, "बोलू या हं" म्हणायचे. मी डबा घेऊन बाकावर तिच्याशेजारी बसायचे. एकदा म्हटलं, "का येतेस गं? तुझं काम तर तू दिलंस करून."

"गाडी अजून चालू आहे गावाला," ती म्हणाली. "तोवर येते."

गाडी पावसाळ्याच्या आधी बंद झाली. क्लच प्लेट गेली. दुसरी नव्हती.

मग एक दिवस परिपत्रक निघालं. सल्लागारांच्या शिफारशी मंडळानं स्वीकारल्या, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. मी धावत जिना उतरून तिला सांगायला गेले आणि बाकावर बसून आम्ही दोघींनी ते पूर्ण वाचलं. आगारानं किरकोळ वस्तू स्वतः घ्यायची गोष्ट गाळली होती. कमी दराचा नियम जसाच्या तसा ठेवला होता. चाचणीची शिफारस मात्र घेतली होती. पण घाटातली नाही. प्रत्येक मालासोबत आता चाचणी प्रमाणपत्र लागणार होतं, आणि त्यावर कार्यशाळा, भांडार, लेखा, विभाग आणि मुख्य कार्यालय, अशा सगळ्यांच्या सह्या. बल्बलासुद्धा.

तिनं कागद घडी करून मला परत दिला. "माझं नाव आहे ह्याच्यावर," एवढंच म्हणाली. नियम म्हणून तिच्या नावाचा उल्लेख शेवटी केलेला होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही माधवनगरला गेलो. बाकी कुठे नाही तरी तिथे आपल्याला समजून घेतील असं आम्हाला वाटत होतं. हेड मेकॅनिक गाडीखालून बाहेर आले, हात पुसले, आणि आमच्याकडे न बघता बोलू लागले.

"बरं केलंसा, बाईसाहेब. आदी तीन सह्या लागायच्या, आता वाढवल्या. माझं कपाट बी रिकामं करून घेतलं. आता ना नवं हाय, ना जुनं. काय लावू गाडीला, तुमचा कागुद?"

मी समजावायला गेले की हे तिचं नाही, तिनं असं लिहिलं नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, कागदावर नाव कुनाचं हाय ते मला वाचता येतंय." आणि पुन्हा गाडीखाली गेले.

आवारातून बाहेर पडताना तिचा फोन वाजला. भाऊ होता. ती एका बाजूला जाऊन बोलली. बराच वेळ ऐकतच होती. परत आली तेव्हा चेहरा कोरा होता.

"अण्णा म्हणतोय, जत्रेला येऊ नको ह्या साली," ती म्हणाली. "गावात बोलायला लागलेत की माझं मंडळाशी काहीतरी भांडण झालं, म्हणून गाडी काढून घेतली. सुरू माझ्यामुळं झाली ना, मग बंदही माझ्यामुळंच. अण्णाला लोक विचारतात, तुझ्या भनीला कुनी सांगितलं हुतं शानपना करायला? त्याला उत्तर देता येत नाही."

"तू सांगितलं नाहीस खरं काय ते?"

"सांगितलं, अक्का. खरं सांगायला लय वेळ लागतो. तेवढा वेळ कोन ऐकतं?"

रस्त्याच्या कडेला उभं राहून ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. रिक्षा केली, आम्ही स्टँडवर आलो, तिला पुण्याची गाडी मिळाली. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीखाली उभी राहिले.

चौकशीत शेवटी कुणावर ठपका आला नाही. "हेतू प्रामाणिक, परंतु कार्यपद्धती सदोष," असं लिहून आलं. मला खरेदीतून काढून सांख्यिकीत टाकलं. तिचा करार संपला, तो पुढे वाढवला नाही. तिला भेटून वर्ष झालं असेल तेव्हा कराडला एका लग्नात मी गेले होते, ती कामासाठी त्याच बाजूला आली होती. आम्ही संगमावर जरा वेळ बसलो. एका ट्रक बनवणाऱ्या कंपनीत तिनं नोकरी धरली होती. गावाकडे जाणं तुटलं होतं. भाचीला मुलगा झाला, तो फोटो कुणीतरी पाठवला म्हणून कळलं, म्हणाली.

"राग येतो का?" मी विचारलं.

तिनं विचार केला. "तिथं बाकावर बसायचे तेव्हा यायचा. आता नाही येत. कंपनीत मी एक सही करते आणि माल येतो. पहिल्या दिवशी मला खोटंच वाटलं. संध्याकाळी घरी जाऊन झोपते. अक्का, मला वाटायचं की एखादी गोष्ट चालून दाखवली की लोक ती मोडणार नाहीत." नदीकडे बघत राहिली. मग उठून म्हणाली, "चला, तुमची गाडी चुकेल."

त्या वर्षीच मंडळानं पुन्हा सल्लागार नेमायचं ठरवलं. खरेदी सुधारण्यासाठीच. मला निवड समितीत घेतलं, कारण जुन्या लोकांपैकी माहिती असलेली मीच उरले होते. या वेळी अनुभवाला गुण नव्हते. सगळ्यात कमी दर ज्या कंपनीचा, तिला काम. मी माझं वेगळं मत लेखी दिलं. ते नोंदवून घेतलं गेलं. लेखाधिकारी निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी आलेला तरुण माणूस मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता." नव्या कंपनीची मुलं आली, चांगली हुशार मुलं. त्यांनी माझ्याकडे मागच्या सल्लागारांचा अहवाल मागितला. मी दिला. एकानं तो चाळून विचारलं, "हे सगळं तेव्हा का केलं नाही?" मी म्हटलं, "केलं होतं." त्याला वाटलं मी विनोद करतेय. तो हसला.

परवा शनिवारी सांगलीला येताना इस्लामपूरच्या अलीकडे आमची गाडी बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेट उघडलं, धूर आला. कंडक्टरनं आगाराला फोन लावला आणि कपाळावर हात मारला. उसाच्या शेतांमध्ये सगळे उतारू उतरले. ट्रॅक्टर जात होते. कुणी पोराला कडेवर घेऊन उभं, कुणी पिशवीवर बसलेलं. एक बाई जोरजोरात बोलत होती. तिला सांगलीला दवाखान्यात पोचायचं होतं, डॉक्टरची वेळ घेतलेली होती. "कोन बसतंय रं ह्या हापिसात?" ती कंडक्टरला विचारत होती. "पगार घेत्यात न्हवं? मग काय करत्यात दिसभर?"

माझ्या पर्समध्ये मंडळाचं ओळखपत्र होतं. एक म्हातारे गृहस्थ रस्त्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसले होते, त्यांनी सरकून मला जागा दिली.

"बसा, बाई. येईल दुसरी कवातरी," म्हणाले. "नोकरी करता व्हय?"

"हो."

"सरकारी?"

"सरकारी."

"मग बरं हाय," ते म्हणाले, आणि टोपी काढून वारा घेऊ लागले.

दुसरी गाडी आली ती आधीच भरलेली होती. दवाखान्याची बाई कशीबशी दारात चढली. म्हाताऱ्यांना आणि मला जागा झाली नाही. गाडी गेल्यावर आम्ही पुन्हा कठड्यावर बसलो.